हँडलला बांधलेली सुतळी

माझी बायको गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. ती एका हाताची होती. वस्तीवर नव्यानं आलेल्या माणसांना वाटायचं, जन्मापासूनच तशी असेल. तशी नव्हती. तिचा उजवा हात बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सामाईक विहिरीत गेला, आणि तो कोणी घेतला हे मला आजवर कोणी सांगू शकलं नाही. हवालदाराला सांगता आलं नाही, भावकीला नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा मागचं पुढं आणि पुढचं मागं होईल. नात म्हणाली, आजीचं लिहून ठेवा. लिहितो, पण तिला बरं वाटावं म्हणून नाही. ती पुण्यात जे काम करते त्याची मला भीती बसलीय, म्हणून लिहितो.

आमची वस्ती मिरजगावपासून आत, ओढ्याच्या काठाला. तीन घरं. थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणायचो, मग मी, आणि आमच्यात लहान तो धाकटा चुलतभाऊ. विहीर तिघांत एक, आज्याच्या वेळची. पाणी पाळीनं. आज तुझी पाळी, उद्या माझी.

विहिरीत बरंच खाली, बांधकामातून एक दगड बाहेर आलेला होता. तो दगड उघडा पडला की मोट थांबवायची, हा नेम. त्याच्या खालचं पाणी पिकाचं नाही, माणसाच्या आणि गुरांच्या पिण्याचं. पाळी संपवणाऱ्यानं बैल सोडायचे, काठावर उभं राहून आत वाकून बघायचं आणि पुढच्याला हाळी द्यायची, “दगड झाकल्याला हाय,” नाहीतर, “दगड उघडा हाय.” झाकलेला असला तर पुढच्यानं बैल जुंपायचे. उघडा असला तर बैल घेऊन घरी जायचं आणि झरा भरायची वाट बघायची. आत वाकून बघितल्याशिवाय हाळी द्यायची नाही. आम्ही भावकी बांधावरून भांडलो, झाडाच्या सावलीवरून भांडलो, पण या हाळीवरून भांडण झालेलं मला आठवत नाही.

मोटेची आणखी एक गोष्ट होती. बैल दमायचे. माणूस दमायचा. ते दमले की विहिरीलाही विसावा मिळायचा. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हतं.

दुष्काळाच्या आधी वस्तीवर लाईट आली. तिघांनी मिळून मोटार घेतली. लिंबाची बाग लावलेली होती, झाडं नुकती फळाला आलेली. मोटारीचा स्टार्टर काठावर पत्र्याच्या पेटीत बसवला. त्याला एक हँडल. वर उचललं की मोटार चालू. लाईट गेली की हँडल आपसूक खाली पडायचं, आणि लाईट परत आली तरी ते पडलेलंच राहायचं. माणसानं यायचं, बघायचं, मग उचलायचं. बनवणाऱ्यानं मुद्दाम तसं ठेवलं होतं. बसवायला आलेल्या वायरमननं तेव्हाच सांगितलं, “लाईट कवा येईल सांगता येत न्हाई. मोटारीजवळ कोन आसंल, कोन नसंल. म्हनून पडतंय ते.” आम्ही माना हलवल्या.

पुढं तेच हँडल सगळ्यांच्या डोक्यात जायला लागलं. लाईट यायची, जायची, यायची. दर खेपेला कोणीतरी शेतातून पळत यायचं. त्यात पाऊस गेला. एका साली गेला, दुसऱ्या साली तर नुसते शिंतोडे. वस्तीवरची धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. दिवसभर वस्तीवर बायका, म्हातारी आणि गुरं. लाईट आली तरी हँडल उचलायला कोणी नसायचं.

ओढ्याच्या पलीकडं दुसरी भावकी होती. त्यांचीही विहीर, त्यांचीही मोटार. जमिनीतला झरा त्यांचा आणि आमचा एकच, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. एकदा दादा तिकडं जाऊन आला आणि त्यानं आम्हाला त्याच्या ओट्यावर बोलावलं.

“त्यांनी हँडल बांधलंय,” दादा म्हणाला. “वर उचलून सुतळीनं आवळलंय. लाईट आली की मोटार आपली आपन चालू. मानूस लागत न्हाई. आमी खडी फोडतोय आनि ते आमचं पानी वडत्यात.”

धाकटा म्हणाला, “मग आपनबी बांधू.”

मी म्हटलं, “आनि दगड कोन बघनार?”

“बघंल की ज्याची पाळी आसंल तो.”

“पाळीवाला खडीवर आसनार. मग?”

दादा चिडला. “अरं, तू न्हाई बांधलं म्हनून पलीकडचे सोडनार हायेत का? आपन थांबलो तर त्यांचं फावंल. आपली बाग जळंल, त्यांची हिरवी राहील. मग बस दगडाची पूजा करीत.”

बायका चौकटीआड उभ्या होत्या. थोरल्या दिरापुढं बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण आमची ही बोलायची. आतूनच म्हणाली, “दादा, चालू आपली आपन व्हईल. बंद कोन करनार?”

“लाईट जाईल तवा व्हईल बंद.”

“आनि लाईट न्हाई गेली तर? त्या मोटारीला नुसतं प्वाट हाय. डोळे कुठं हायेत?”

धाकटा हसला. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, “तू बायकोच्या तोंडानं बोलतोस, का बायको तुझ्या तोंडानं?”

“कोनाच्याबी तोंडानं का आसंना,” मी म्हटलं, “बोलती ती खरं बोलती.”

“मग तिलाच बसव की विहिरीवर. राखन कर म्हनावं मोटारीची.”

सगळे हसले. चौकटीआडून ही म्हणाली, “बसन की. जेवान तुमी करा.” त्यावर तर धाकट्याची बायकोही हसली. तिघांत दोघे एका बाजूला होते, तेव्हा ठरलं. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं हँडल वर उचललं आणि सुतळीचे वेढे देऊन, गाठीवर गाठ मारून टाकली.

त्या दिवसापासून हाळी बंद झाली. कोणी बंद करा म्हटलं नव्हतं. पाळी आपोआप बदलायची. शेताच्या तोंडाशी पाट फिरवला की झालं, विहिरीवर यायचं कारणच उरलं नाही. दादाला वाटायचं धाकटा बघत असेल, धाकट्याला वाटायचं मी. मी अधूनमधून जाऊन बघायचो. दगड उघडा दिसला की येऊन सांगायचो. दादा म्हणायचा, “पलीकडच्यांना सांग आदी.” मी तिकडंही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या दादाला सांगा आदी.

पाणी खाली गेलं तशी मोटारही खाली न्यावी लागली. विहिरीत आडव्या तुळया टाकून, त्यावर फळ्या ठोकून मोटार आणि पंप तिथं बसवले. दोन्ही एका पट्ट्यानं जोडलेले. स्टार्टर मात्र वरच राहिला, पत्र्याच्या पेटीत. म्हणजे जे फिरायचं ते तळाला आणि ते थांबवायचं साधन काठावर. आम्ही तिघं त्या फळ्या ठोकत होतो. कोणाच्या मनात काही आलं नाही.

आता पोहऱ्यात पाणी भरेना. तळाला नुसतं डबकं. बायका घागर घेऊन पायऱ्यांनी खाली उतरायच्या, वाटीवाटीनं गाळून पाणी भरायच्या. घागर भरली की त्या फळ्यांवर टेकायच्या, दम घ्यायच्या आणि वर चढायच्या. मोटार तिथंच त्यांच्या शेजारी. लाईट नसली की गार लोखंड. ही तर एकदा म्हणाली होती, “तिथं बसलं की बरं वाटतं. सगळ्या वस्तीत सावली ती तेवढीच.”

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. मी खडीवर. दादा मिरजगावच्या बाजाराला. धाकट्याची पाळी होती आणि तो घरी गुरांना चारा टाकत होता. ही खाली उतरली. मोटार गप्प होती. गप्प म्हणजे बंद, असं कोणीही धरून चालेल. पण ती बंद नव्हती. बंद तिला करूच दिलं नव्हतं आम्ही. ती फक्त लाईटीची वाट बघत होती.

घागर भरून ही फळीवर टेकली, पट्ट्याच्या अलीकडं. पदर मागं पडलेला. लाईट आली.

धाकट्याच्या बायकोनं ओरडणं ऐकलं. पहिल्यांदा तिला वाटलं गाय विहिरीत पडली. ती काठावर आली आणि तिनं खाली बघितलं. नवऱ्याला हाक मारली. तो पळत आला तो थेट पेटीकडं, हँडल खाली ओढायला. हँडल खाली येईना. त्यानंच मारलेल्या गाठी. उन्हानं वाळून सुतळी काठीसारखी झालेली. नखानं सुटेना, दातानं सुटेना. शेवटी त्याची बायको गोठ्यातून विळा घेऊन आली तेव्हा तुटली. तोवर खाली मोटार तिचं काम करत होती. तिला पदर आणि पाणी वेगळं कळत नव्हतं. हातही कळत नव्हता.

मला खडीवर निरोप आला. मी पोचलो तेव्हा हिला वर काढून बाजेवर घातलेली होती. रस्त्यानं मिलोची, सरकार दुष्काळात वाटायचं त्या परदेशी लाल ज्वारीची, पोती उतरवून रिकामा ट्रक चालला होता, तो थांबवला. ट्रकमध्ये सांडलेली लाल मिलो अजून होती, तिच्यातच हिची बाज ठेवली. नगर येईपर्यंत मी तिच्या तोंडावर धोतराची सावली धरून बसलो. ती एकदाच बोलली. “घागर वर काढली का?” मी म्हटलं, काढली. काढलेली नव्हती.

दवाखान्यात हात कोपराच्या वर कापला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, जीव वाचला हेच लई. मला तेव्हा त्याचा राग आला. आता वाटतं, खरंच बोलला.

मग हवालदार वस्तीवर आला. ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मोटार कोनी चालू केली?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“अरे, कोनीतरी केली आसंल ना?”

धाकटा म्हणाला, “लाईट आली, साहेब.”

“लाईट मोटार चालू करती व्हय? हँडल कोनी उचललं?”

“उचललेलंच हुतं.”

“कवापासनं?”

“लई दिवस झाले.”

“पाळी कोनाची हुती?”

“माझी. पन मी हातबी लावला न्हाई.”

“बांधलं कोनी?”

“बांधलं मीच. पन तिघांचं ठरल्यालं. आनि पलीकडच्यांनी आदी बांधलं म्हनून.”

हवालदारानं दादाकडं बघितलं. दादा बाजारात होता. माझ्याकडं बघितलं. मी खडीवर होतो. लाईट पाठवणारा माणूस कुठं लांब बसलेला, त्याला आमची विहीरही माहीत नाही. हवालदारानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, “मानूस मेला आसता तर कोनाला धरला आसता मी? सुतळीला?” त्याला चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. निघून गेला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. खून झाला तर खुनी असतो. बैलानं शिंग मारलं तर बैल असतो, त्याला बांधता तरी येतं. इथं कोणी नव्हतं. जो तो आपल्या कामाला गेलेला होता. माझ्या बायकोचा हात गेला आणि समोर उभं राहून शिवी द्यायला मला एक तोंड मिळालं नाही.

 मी तिला घेऊन दवाखान्यातून परत आलो, तेव्हा हँडल पुन्हा बांधलेलं होतं. नवी सुतळी. मी विळा घेऊन गेलो आणि कापली. संध्याकाळी दादानं बांधली. मी पुन्हा कापली. दादा आला. तो रडत होता, हे खरं सांगतो. म्हणाला, “हिचा हात गेला ते मला काय बरं वाटतं? माझ्या धाकट्या बहिनीवानी हाय ती. पन ते पलीकडचे थांबलेत का सांग. एक दिवस तरी थांबले का? तू कापशील, बाग जळंल, आनि हात काय परत येनार हाय?”

मी विळा खाली ठेवला.  दादा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

त्यानं बांधली ती बांधली. शिमग्याच्या सुमाराला मोटार नुसता गाळ ओढायला लागली, मग हवा. काठावरून ऐकलं की म्हातारं माणूस खोकतंय असं वाटायचं. पलीकडच्यांची विहीरही त्याच आठवड्यात गेली. लिंबाची झाडं वाळली, दोन्हीकडची. तोडून चुलीत घातली. ओली असताना लिंबाच्या फांदीला वास असतो, तोही त्या सरपणाला नव्हता. प्यायला पाणी टँकरचं.

ही डाव्या हातानं सगळं शिकली. परात पायाच्या अंगठ्यानं दाबून धरून भाकरी थापायची. सुनेला करू द्यायची नाही. म्हणायची, “हात गेलाय, तोंड शाबूत हाय, त्याला घालायला लागतंय.” पण एक गोष्ट तिला लागली ती कायमची. पुढच्या सालांत पाऊस आला, विहिरीला पाणी आलं, मोटार पुन्हा चालू झाली, आणि लाईट आली की ही हातातलं काम टाकून विहिरीकडं धावायची. काठावर उभी राहून आत वाकून ओरडायची, “लाईट आली, खाली कोन हाय का?” मोटार आधीच चालू झालेली असायची. हिच्या ओरडण्यानं ती थांबणार नव्हती. हिलाही ते माहीत होतं. मी एकदा म्हटलं, “आता वरडून काय उपेग?” तर म्हणाली, “कोनीतरी इचारलं पायजे का न्हाई?”

विहीर पुढं बुजवली. बोअर आलं. तरी हिचं विचारणं गेलं नाही. शेवटच्या आजारात खाटेवर पडून होती. लाईट जायची, यायची, डोक्यावरचा पंखा फिरायला लागायचा आणि ही डोळे उघडून विचारायची, “खाली कोन हाय का?” मी सांगायचो, “कोनी न्हाई. झोप तू.” मग झोपायची.

आता नातीचं. ती पुण्यात कंपनीत आहे. कॉम्प्युटरचं काम. विचार करणारं यंत्र बनवतात म्हणते. मी तिला खोदून खोदून विचारलं, कारण मला एवढंसंच कळतं.

“काय करतं ते यंत्र?”

“सगळंच, आजोबा. लिहितं, वाचतं, ठरवतं. माणसाला महिना लागतो ते घटकाभरात. आता तर स्वतःला सुधारायला पण तेच मदत करतं.”

“दमत न्हाई?”

“नाही.”

“मग थांबतं कवा?”

ती म्हणाली, सध्या मधे माणूस असतो. यंत्रानं काही ठरवलं की माणूस बघतो, हो म्हणतो, मगच ते पुढं जातं. पण आता तो माणूस काढणार आहेत. माणूस मधे असला की उशीर होतो. आणि यंत्र इतकं पुढं गेलंय की काय बघायचं हेच माणसाला कळेनासं झालंय, तो नुसता हो म्हणतो.

 मग तिनंच सांगितलं. म्हणाली, “आजोबा, बनवणारे स्वतःच सांगतात की एक दिवस हे आमच्या हातात राहणार नाही. माणूसजात संपू शकते असंही म्हणतात त्यातले काही. शिकलेली माणसं आहेत, वेडी नाहीत.”

“आनि बनवत्यातच?”

“आपण थांबलो तर दुसरे थांबणार नाहीत ना.”

माझ्या हातातला चहा खाली ठेवला मी. त्या ओट्यावरून उठून मी पन्नास वर्षं चाललो आणि पुन्हा त्याच ओट्यावर येऊन बसलो, असं झालं. फक्त या खेपेला विहीर सगळ्या जगाची आहे, आणि विळा कुठं ठेवलाय ते कोणाला माहीत नाही. उद्या काही झालं तर हवालदार कोणाला विचारणार? आणि विचारायला हवालदार तरी उरेल का? मला पोरीबाळींची, न जन्मलेल्यांची भीती वाटते. माझं काय, मी चाललोच आहे. माझं एका हाताचं माणूस पुढं गेलंय. पण ही नात, तिच्या पोटी उद्या कोणी येईल ते, ही सगळी फळीवर टेकून दम घेतायत आणि शेजारचं लोखंड गार आहे असं समजतायत.

मी नातीला म्हटलं, “तू म्हन की नको म्हनून.”

“म्हटलं, आजोबा. मी म्हटलं, अजून दोघांनी म्हटलं.”

“मग?”

“ऐकून घेतलं त्यांनी. नीट ऐकून घेतलं.”

“आनि?”

“सोमवारपासून मधला माणूस काढतायत.”

“मग तू सोड ते काम.”

“मी सोडलं तर दुसरी येईल माझ्या जागी. मी असले तर निदान बघते तरी.” तिचा आवाज तिच्या आजीसारखा झाला होता.  त्या काठावर उभं राहून ओरडण्यानं किती उपयोग झाला हे मी पाहिलेलं आहे, आणि न ओरडता बसणाऱ्यांनाही पाहिलेलं आहे. 

परवा ती पुण्याला निघाली तेव्हा लाईट गेलेली होती. उंबऱ्यात बसून ती बूट घालत होती आणि लाईट आली. हिच्या रिकाम्या खाटेवरचा पंखा फिरायला लागला. नातीनं वर बघितलं. तिला आजीची सवय ठाऊक होती.

“खाली कोन हाय का?” ती हळू आवाजात म्हणाली, आजीच्याच बोलीत.

हिला मी दर खेपेला “कोनी न्हाई” म्हणून सांगायचो. तसंच सांगायला तोंड उघडलं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.